काट्याचं वजन थेट कॉम्प्युटरवर: कॉम पोर्टची सेटिंग्ज कशी जुळवायची

सोलापुरात वजनकाट्याशिवाय चालणारे धंदे थोडेच. श्री सिद्धेश्वर कृषी उत्पन्न बाजार समितीत अडतीच्या गाळ्यावर कांद्याची पिशवी काट्यावर चढते, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात सुताच्या गोण्या आणि तयार मालाचे गठ्ठे तोलले जातात, साखर कारखान्याच्या भुईकाट्यावर उसाच्या गाड्या उभ्या राहतात, गावच्या संकलन केंद्रावर सकाळ-संध्याकाळ दूध मोजलं जातं. बहुतेक इंडिकेटरच्या, म्हणजे काट्याचे आकडे दाखवणाऱ्या डब्याच्या, पाठीमागे नऊ पिनांचं कनेक्टर असतं, शेजारच्या टेबलावर बिलिंगचा कॉम्प्युटर असतो, आणि तरीही कुणीतरी लाल आकडे बघून कीबोर्डवर वजन टाईप करत असतं. डिसेंबर-जानेवारीत कांद्याची आवक चढली की दिवसभर आकडे वाचून डोळे थकतात. ४७.६० चं ४६.७० होतं, आणि तो फरक शेतकऱ्याच्या हिशेबाच्या पट्टीत जातो.

काटा कॉम्प्युटरच्या कॉम पोर्टला, म्हणजे सिरियल केबल लागते त्या जागेला, जोडला की ही चूक थांबते. मात्र जोडणी अर्धवट जमली तर परिस्थिती आधीपेक्षा वाईट होते, कारण हाताने लिहिलेल्या वजनावर माणूस शंका घेतो, छापील पावतीवर घेत नाही. म्हणून माझा आग्रह एकच आहे. काट्याकडून येणारा कच्चा मजकूर आधी स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचा, तो नीट समजून घ्यायचा, आणि मगच बिलिंगच्या सॉफ्टवेअरला हात लावायचा. पुढची सगळी पद्धत याच क्रमाने सांगतो. कॉम्प्युटर विंडोजचा धरला आहे. हत्यारं म्हणून एक मल्टिमीटर, एक छोटा पेचकस आणि केबलमधून येणारा मजकूर जसाच्या तसा दाखवणारा, पुट्टी नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम पुरतो.

सुरुवात इंडिकेटरपासून

बहुतेक जण कॉम्प्युटरवरची सेटिंग्ज बदलत बसतात. पण वेग कॉम्प्युटर ठरवत नाही. इंडिकेटर ज्या वेगाने आणि ज्या पद्धतीने पाठवतो, तीच पद्धत कॉम्प्युटरला सांगायची असते. त्यामुळे पहिलं काम म्हणजे इंडिकेटरचं माहितीपुस्तक काढणं. पुस्तक हरवलं असेल तर इंडिकेटरच्या मेनूत जाऊन कम्युनिकेशनचा भाग उघडा आणि पाच गोष्टी कागदावर उतरवून घ्या: बॉड रेट, डेटा बिट, पॅरिटी, स्टॉप बिट, आणि वजन पाठवायची रीत.

इथे एक सावधगिरी. काट्याला वैध मापनशास्त्र विभागाचं सील असतं आणि दरवर्षी त्याची फेरपडताळणी होते. कॅलिब्रेशनचा, म्हणजे काट्याचं माप प्रमाण वजनाशी जुळवण्याचा, स्विच त्या सीलच्या आत असतो. कम्युनिकेशनचा मेनू बहुतेक इंडिकेटरवर सील न तोडता बाहेरूनच उघडतो. तुमच्याकडे तसा उघडत नसेल तर पुढे जाऊ नका, परवानाधारक दुरुस्तीवाल्यालाच बोलवा. वैध मापनशास्त्र अधिनियम २००९ मधला आहे, आणि सील तुटलेल्या काट्यावर व्यापार करणं महागात पडतं. मेनूत फिरतानाही कॅलिब्रेशन, स्पॅन किंवा कपॅसिटी असं काही दिसलं तर तिथून मागे या.

आता त्या पाच गोष्टींचा अर्थ. बॉड रेट म्हणजे सेकंदाला किती बिट जातात तो वेग. सिरियल केबलमधून प्रत्येक अक्षर एकामागून एक बिट असं जातं. आधी एक स्टार्ट बिट, मग सात किंवा आठ डेटा बिट, मग असेल तर एक पॅरिटी बिट, आणि शेवटी एक किंवा दोन स्टॉप बिट. आकडे, इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, टिंब हे सगळं आस्की संकेतात सात बिटांत मावतं, म्हणून काही काटे आजही सातच डेटा बिट पाठवतात. पॅरिटी ही तपासणीची सोय आहे. इव्हन पॅरिटी असेल तर डेटा आणि पॅरिटी मिळून १ असलेल्या बिटांची संख्या सम ठेवली जाते, ऑड असेल तर विषम.

सर्वांत जास्त दिसणारी मांडणी म्हणजे ९६०० बॉड, आठ डेटा बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट. त्यात एका अक्षराला एकूण १० बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं. वजनाच्या एका ओळीत १८ अक्षरं धरली तर सेकंदाला पन्नासेक ओळी सहज जातात. काट्याला तेवढा वेग कधीच लागत नाही. म्हणून "बॉड वाढवला तर वजन लवकर येईल का?" या प्रश्नाचं उत्तर नाही असंच आहे. उलट लांब केबलवर २४०० किंवा ४८०० जास्त भरवशाचं. फार खालीही जाऊ नका: १२०० बॉडवर सेकंदाला १२० अक्षरं, म्हणजे १८ अक्षरांच्या सहाच ओळी, आणि इंडिकेटर सेकंदाला दहा ओळी पाठवायला लावलेला असेल तर त्या मावणार नाहीत.

पाठवायच्या रीती साधारण तीन. सतत, म्हणजे काटा बोलतच राहतो. बटण दाबल्यावर किंवा वजन स्थिरावल्यावर एकदाच. आणि मागणीवर, म्हणजे कॉम्प्युटरने ठरलेलं अक्षर पाठवलं की काटा उत्तर देतो. जोडणी करताना सततवर ठेवा, कारण मग केबलमध्ये काहीतरी येतंय की नाही हे लगेच कळतं. रोजच्या कामाला कोणती ठेवायची ते पुढे सांगतो.

केबल: मल्टिमीटरवर विश्वास ठेवा

आरएस-२३२ ही सिरियल केबलवरून बोलायची पद्धत १९६० सालापासूनची आहे आणि काट्यांच्या जगात अजून टिकून आहे. कॉम्प्युटरच्या बाजूच्या नऊ पिनांपैकी आपल्याला तीनच लागतात. पिन २ वर कॉम्प्युटर ऐकतो, पिन ३ वर बोलतो, पिन ५ ग्राउंड. इंडिकेटरच्या बाजूला मात्र एकवाक्यता नाही. काही कंपन्या २ वर बोलतात, काही ३ वर, काही तर गोल कनेक्टर देतात. त्यामुळे तयार केबल आणली आणि चालली नाही, असं वारंवार होतं. सरळ केबल आणि क्रॉस केबल बाहेरून सारख्याच दिसतात.

अंदाज करण्यापेक्षा मोजा. केबल फक्त इंडिकेटरला लावा, कॉम्प्युटरचं टोक मोकळं ठेवा, इंडिकेटर चालू करा. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर. काळी वायर पिन ५ वर, लाल पिन २ वर. आरएस-२३२ मध्ये गप्प असलेली बोलणारी तार ग्राउंडच्या मानाने मायनस असते, साधारण मायनस ५ ते मायनस १२ च्या आसपास. काटा सतत पाठवत असेल तर आकडा हलत राहील. पिन २ वर मायनस मिळालं तर केबल बरोबर आहे. पिन २ वर काही नाही आणि पिन ३ वर मायनस आहे, तर एका टोकाला २ आणि ३ च्या तारांची अदलाबदल करायची. दोन्हीवर काहीच नाही, तर तार तुटली आहे, नाहीतर ग्राउंड चुकीच्या पिनवर आहे, किंवा इंडिकेटरमध्ये कम्युनिकेशनचं कार्डच बसवलेलं नाही. स्वस्तातल्या मॉडेलमध्ये कनेक्टर असतं आणि आत कार्ड नसतं, तेव्हा हे आधी विचारून घ्या.

मायनसऐवजी प्लस ३.३ किंवा प्लस ५ व्होल्ट दिसत असतील तर तो आरएस-२३२ नव्हे, टीटीएल पातळीचा सिग्नल आहे. तो थेट कॉम्प्युटरला जोडून चालत नाही. मध्ये त्या व्होल्टला चालणारं, मॅक्स-२३२ प्रकारच्या चिपचं छोटं लेव्हल कन्व्हर्टर लागतं.

पिन मोजताना कनेक्टरवर छिद्रांशेजारी छापलेले बारीक नंबर वाचा. पिनवाला आणि छिद्रवाला कनेक्टर आरशातल्यासारखे उलटे असतात, आणि डाखणी करताना मागच्या बाजूने पुन्हा उलटतात. मोबाईलच्या कॅमेऱ्याने मोठं करून नंबर वाचले की हा गोंधळ होत नाही.

तीन तारांच्या केबलवर हार्डवेअर फ्लो कंट्रोल, म्हणजे वेगळ्या तारांवरून "थांब" आणि "पाठव" सांगायची सोय, चालणार नाही हे लक्षात ठेवा, कारण त्यासाठीच्या ७ आणि ८ या पिना जोडलेल्याच नाहीत. सॉफ्टवेअर त्याशिवाय ऐकतच नसेल तर कॉम्प्युटरच्या टोकाला ७ आणि ८ एकमेकांना, तसंच १, ४ आणि ६ एकमेकांना जोडून देतात. सॉफ्टवेअरला वाटतं पलीकडचा तयार आहे. बऱ्याच जुन्या बिलिंग प्रोग्रामना हे लागतं.

यूएसबी कन्व्हर्टर आणि कॉम नंबर

नव्या कॉम्प्युटरला नऊ पिनांचा पोर्ट नसतो, म्हणून यूएसबी ते सिरियल कन्व्हर्टर येतो. त्यात साधारण एफटीडीआय, प्रोलिफिक पीएल-२३०३ किंवा सीएच-३४० यांपैकी एखादी चिप असते. दुकानात किंमत विचारण्याआधी चिप विचारा. जुन्या किंवा नकली पीएल-२३०३ चिपवर नवीन ड्रायव्हर टाकला की विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे जोडलेल्या उपकरणांच्या यादीत, पिवळा त्रिकोण आणि कोड १० येतो. मग माणूस केबल आणि काट्याला दोष देत बसतो. ज्या जोडणीवर दिवसाचा सगळा हिशेब चालणार आहे, तिथे एफटीडीआय चिपवाल्या कन्व्हर्टरला थोडे जास्त पैसे गेलेले परवडतात.

कन्व्हर्टर लावला की डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि पोर्ट्स या शीर्षकाखाली कोणता कॉम नंबर आला ते बघा. खात्री नसेल तर कन्व्हर्टर काढा, जी ओळ गायब होते ती तुमची. आता तो नंबर पक्का करायचा. पोर्टवर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीज, मग पोर्ट सेटिंग्ज, मग ॲडव्हान्स्ड. तिथे कॉम पोर्ट नंबर निवडता येतो. ३ ते ८ मधला एखादा द्या. ९ च्या पुढचे नंबर काही जुन्या सॉफ्टवेअरना उघडताच येत नाहीत. हवा तो नंबर वापरात आहे असं दिसलं, तर तो बहुधा पूर्वी कधी लावलेल्या कन्व्हर्टरचा अडवून ठेवलेला असतो. डिव्हाइस मॅनेजरच्या व्ह्यू मेनूत लपलेली उपकरणं दाखवा असा पर्याय आहे, तो चालू केला की असे जुने पोर्ट फिकट दिसतात. ते काढून टाका.

नंतर कन्व्हर्टर नेहमी त्याच यूएसबी भोकात राहिला पाहिजे. अनेक कन्व्हर्टर जागा बदलली की नवा कॉम नंबर घेतात. सकाळी झाडलोट करताना कुणी काढून शेजारी लावला की "साहेब, काटा येईना की" असा फोन येतो. मी त्या जागेवर मार्करने खूण करून ठेवतो.

त्याच पोर्ट सेटिंग्जच्या खिडकीत बॉड आणि पॅरिटीचे रकानेही आहेत. तिथे ९६०० दिसतं म्हणून समाधान मानू नका. तिथले आकडे बदलूनही बहुतेक वेळा काही होत नाही, कारण जो प्रोग्राम पोर्ट उघडतो तो स्वतःची सेटिंग्ज लावतो. खरी सेटिंग्ज पुट्टीत आणि नंतर बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये करायची असतात.

दोन गोष्टी इथेच उरकून घ्या. एक, विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा, नाहीतर जेवणाच्या सुट्टीनंतर पोर्ट झोपलेला सापडतो. दुसरी गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. सतत पाठवणारा काटा जोडलेला असताना कॉम्प्युटर सुरू केला, तर विंडोज कधी कधी त्या येणाऱ्या अक्षरांना जुन्या सिरियल माउसची समजते. स्क्रीनवरचा बाण स्वतःहून उड्या मारतो, क्लिक होतात, खिडक्या उघडतात, आणि लोक व्हायरस आला म्हणून कॉम्प्युटर फॉरमॅट करायला नेतात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये माउसच्या यादीत मायक्रोसॉफ्ट सिरियल बॉलपॉइंट असं नाव दिसलं तर रोग हाच आहे. त्यावर उजवी क्लिक करून डिसेबल करा. अनइन्स्टॉल केलं तर पुढच्या वेळी ते परत येतं, डिसेबल केलेलं तसंच राहतं.

काट्याला जोडण्याआधी कन्व्हर्टरची स्वतंत्र परीक्षा घेता येते. त्याच्या पिन २ आणि ३ तारेच्या तुकड्याने जोडा, पुट्टी उघडा, काहीही टाईप करा. टाईप केलेलं परत स्क्रीनवर उमटलं तर कन्व्हर्टर, ड्रायव्हर आणि कॉम नंबर तिन्ही ठीक. तार काढल्यावर उमटणं थांबलं पाहिजे. एवढं झालं की पुढे काही अडलं तरी कॉम्प्युटरच्या बाजूचा संशय संपलेला असतो.

पुट्टीत कच्चा मजकूर बघणं

पुट्टी उघडल्यावर सेशनच्या पानावर सिरियल निवडा, लाइनमध्ये कॉम नंबर आणि स्पीडमध्ये काट्याचा बॉड भरा. मग डावीकडच्या यादीतल्या सिरियलमध्ये जाऊन डेटा बिट, स्टॉप बिट आणि पॅरिटी काट्याप्रमाणे लावा. फ्लो कंट्रोल पुट्टीत मुळात एक्सऑन-एक्सऑफ असतो, तो नन करा. एक्सऑफ म्हणजे १९ क्रमांकाचं अक्षर. केबलमधल्या गडबडीतून ते चुकून आलं तर कॉम्प्युटर बोलायचं थांबतो, आणि मागणीवर चालणारा काटा त्यानंतर मुका वाटतो.

ओपन दाबा. वजनाच्या ओळी पळू लागल्या तर उत्तम. नाहीतर स्क्रीनवर जे दिसतं त्यातच दोष कुठे आहे ते लिहिलेलं असतं.

काळी स्क्रीन, काहीच नाही: सेटिंग्ज बदलू नका. चुकीच्या सेटिंगवरही काहीतरी कचरा येतोच. काहीच येत नसेल तर प्रश्न केबलचा आहे, कॉम नंबरचा आहे, किंवा काटा सततवर नाही. काट्याचं प्रिंट बटण दाबून बघा, मग मल्टिमीटरकडे परत.

पोर्ट उघडतच नाही, ॲक्सेस डिनाइड येतं: दुसरा प्रोग्राम पोर्ट धरून बसला आहे. एका वेळी एकच प्रोग्राम कॉम पोर्ट उघडू शकतो. बिलिंग बंद करा. पुढे बिलिंग लावताना पुट्टी बंद करायला विसरू नका.

सगळाच कचरा, एकही आकडा ओळखू येत नाही: बॉड चुकला. ९६००, २४००, ४८००, १२००, १९२०० या क्रमाने बघा.

काही आकडे बरोबर, काहींच्या जागी भलतंच चिन्ह किंवा चौकोन: इथे थांबून नीट बघा, कारण बहुतेक घोटाळे इथेच होतात. बॉड बरोबर आहे, पण काटा सात डेटा बिट आणि पॅरिटी पाठवतोय आणि कॉम्प्युटर आठ डेटा बिट, पॅरिटी नाही असं वाचतोय. अशा वेळी काट्याचा पॅरिटी बिट आठवा डेटा बिट समजला जातो. काट्याची पॅरिटी इव्हन असेल तर ०, ३, ५, ६, ९ आणि दशांशाचं टिंब जसंच्या तसं दिसतं, १, २, ४, ७, ८ बिघडतात. ऑड असेल तर नेमकं उलटं, पहिले पाच आकडे बिघडतात आणि दुसरे पाच नीट दिसतात. म्हणजे कोणते आकडे बिघडले यावरून पॅरिटी कोणती ते न विचारता कळतं. याचा धोका असा की ५०.६० किलो वजन ठेवलं तर इव्हन पॅरिटीत वजनाचे सगळे आकडे अगदी बरोबर दिसतात. त्यावर समाधान मानून माणूस निघून जातो आणि पहिल्याच ४७.६० ला गाडी अडते. त्यामुळे जोडणी तपासताना एकाच वजनावर थांबायचं नाही. शून्यापासून नऊपर्यंतचे सगळे आकडे स्क्रीनवर एकदा तरी येऊन गेले पाहिजेत. काट्यावर हाताने हळूहळू दाब दिला तरी ते जमतं.

सगळ्या ओळी एकाच ओळीवर चढतात, किंवा जिन्यासारख्या उजवीकडे उतरत जातात: हा दोष नाही. काटा ओळीच्या शेवटी सीआर म्हणजे १३ आणि एलएफ म्हणजे १० यांपैकी एकच अक्षर पाठवतोय. पहिल्या प्रकारात फक्त सीआर, दुसऱ्यात फक्त एलएफ. वजन बरोबरच आहे. पण कोणतं येतं ते लिहून ठेवा, बिलिंगच्या सॉफ्टवेअरला ओळ कुठे संपते हे सांगावं लागतं.

ओळ कापताना शंभर किलो हरवू नयेत

आता स्क्रीनवर स्वच्छ ओळी आहेत. त्यातली एक कागदावर अक्षरागणिक चौकट पाडून लिहा. एक नेहमीची मांडणी अशी असते: आधी स्थितीची दोन अक्षरं, मग स्वल्पविराम, मग ग्रॉस (एकूण) की नेट (निव्वळ) वजन ते सांगणारी दोन अक्षरं, पुन्हा स्वल्पविराम, मग अधिक-उणे चिन्ह, मग टिंबासह सात जागांचं वजन, शेवटी केजी. एकूण १६ अक्षरं, वर सीआर आणि एलएफ. चिन्ह सातव्या जागी, वजन आठव्यापासून चौदाव्यापर्यंत. तुमच्या काट्याची मांडणी वेगळी असू शकते, म्हणून स्वतःची ओळ मोजा.

बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये साधारणपणे विचारतात की वजन कितव्या अक्षरापासून घ्यायचं आणि किती अक्षरं. समजा काट्यावर ४७.६० आहे, म्हणजे ओळीत ००४७.६०. कुणीतरी मोजलं की ४ दहाव्या जागी आहे आणि तिथून पाच अक्षरं लावली. स्क्रीनवर ४७.६० आलं, सगळे खूश. एकेक पिशवी तोलली जाते तोवर चालतं. मग तोलाराने घाईत दोन-तीन पिशव्या एकदम ठेवल्या, काट्यावर ११२.४० आलं, ओळीत ०११२.४०. दहाव्या जागेपासून पाच अक्षरं म्हणजे १२.४०. शंभर किलो कांदा कागदावरून गेला, आणि काट्याचा लाल आकडा त्या वेळी बरोबरच होता. त्यामुळे नेहमी संपूर्ण सात जागा घ्यायच्या, पुढच्या शून्यांसकट, आणि चिन्हही घ्यायचं. चिन्ह सोडलं तर रिकामा काटा उणे ०.२० दाखवत असताना पावतीवर ०.२० येतं.

स्थितीची दोन अक्षरंही वाया घालवू नका. अशा मांडणीत एसटी म्हणजे वजन स्थिर, यूएस म्हणजे अजून हलतंय, ओएल म्हणजे काट्याच्या क्षमतेबाहेर. सॉफ्टवेअरमध्ये फक्त स्थिर वजन घ्या असा पर्याय असेल तर तो चालू करा. नसेल तर सॉफ्टवेअरवाल्याकडे आग्रहाने मागा. पिशवी आदळताना काटा क्षणभर जास्त दाखवतो, उचलताना कमी, आणि एंटर नेमका त्याच क्षणी दाबला जातो.

आणखी एक दोष असा आहे की तो केबल किंवा सेटिंगमध्ये सापडत नाही. काटा सतत पाठवतो, कॉम्प्युटर ते सगळं आपल्या साठ्यात जमवतो, आणि सॉफ्टवेअरने वजन मागितलं की सर्वांत जुनी ओळ देतो. मग या गाडीच्या पावतीवर मागच्या गाडीचं वजन येतं. भुईकाट्यावर हे झालं तर फरक टनांत असतो. ओळखायची खूण सोपी: वजन उतरवून काटा शून्यावर आणा, आणि लगेच सॉफ्टवेअरमध्ये वजन घ्या. शून्याऐवजी आधीचा आकडा आला तर साठा रिकामा न करता वाचलं जातंय. उपाय दोन. सॉफ्टवेअरवाल्याला वजन वाचण्याआधी येणारा साठा पुसायला सांगा, किंवा काटा मागणीवर लावा, म्हणजे विचारल्यावरच ताजी ओळ येईल. रोजच्या कामाला मी स्वतः मागणीची रीत पसंत करतो. सिरियल माउसचा त्रासही तिच्यात होत नाही. सॉफ्टवेअरला मागणीचं अक्षर पाठवता येत नसेल तर वजन स्थिरावल्यावर एकदा पाठव, ही रीत दुसरी.

अंतर, अर्थिंग आणि वळीव

आरएस-२३२ साठी १५ मीटरपर्यंतची केबल हा जुना नियम आहे. बॉड कमी ठेवून चांगल्या शील्डेड केबलवर थोडं पुढे जाता येतं. पण फाटकावरचा भुईकाटा आणि आतलं ऑफिस यांत साठ-सत्तर मीटर असतील तर हट्ट करू नका. आरएस-४८५ घ्या, ते १२०० मीटरपर्यंत जातं. दोन्ही टोकांना कन्व्हर्टर, मध्ये पिळलेल्या जोडीची केबल, लांब लाइनला दोन्ही टोकांवर १२० ओहमचा रेझिस्टर. ए आणि बी ही नावं कंपन्या एकसारखी वापरत नाहीत, त्यामुळे पहिल्यांदा चाललं नाही तर दोन तारा उलटवून बघा. बॉड आणि पॅरिटीचे नियम तेच राहतात.

केबल विजेच्या तारांसोबत एकाच पाइपात घालू नका. पॉवरलूमच्या शेडमध्ये मोटारी सतत चालू-बंद होतात, आणि दिवसातून दोनदाच वजन बिघडतं अशी तक्रार असेल तर केबल कुठून गेली आहे ते आधी बघा. शील्ड, म्हणजे केबलच्या आतलं धातूचं आवरण, एकाच टोकाला अर्थ करायचं.

अर्थिंग हा आपल्याकडचा खरा दुखरा भाग आहे. काटा एका मीटरवर, ऑफिस दुसऱ्यावर, आणि दोन्हीकडच्या अर्थमध्ये व्होल्टेजचा फरक. तो फरक सिरियल केबलच्या ग्राउंडमधून वाहू लागतो आणि कधीतरी पोर्ट जाळतो. केबल जोडण्याआधी तिच्या मोकळ्या टोकाची पिन ५ आणि कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचा उघडा धातू यांमध्ये एसी व्होल्ट मोजा. शून्याच्या आसपास हवं. एक-दोन व्होल्टच्या वर असेल तर इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासा, तोवर जोडू नका. एप्रिल-मेच्या उन्हात अर्थिंगचे खड्डे कोरडे पडतात. त्यात नियमाने पाणी घालणं हे काट्याच्या देखभालीतच धरा. जिथे हा फरक जातच नाही तिथे मध्ये आयसोलेटर बसवावा, तो सिग्नल जाऊ देतो आणि दोन्ही ग्राउंड वेगळे ठेवतो.

वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या की उघड्यावरच्या भुईकाट्याची केबल कॉम्प्युटरकडून काढून ठेवा. जवळ वीज पडली तर लांब केबल ती ऊर्जा थेट पोर्टपर्यंत आणते.

गाळ्यावर कांद्याची फोलपटं, टॉवेल कारखान्यात कापसाची बारीक रुई कनेक्टरच्या फटीत बसते. कनेक्टरचे दोन्ही स्क्रू आवळलेले असले की आत काही जात नाही आणि केबलला पाय लागून ते निखळतही नाही. बहुतेक ठिकाणी हे स्क्रू लावलेलेच नसतात.

सुपूर्द करण्याआधी

सगळं जमल्यावर बिलिंगच्या कॉम्प्युटरवर शेवटची तपासणी अशी करा. रिकामा काटा, मग अंदाजे पाच किलो, मग एक पिशवी, मग शंभरच्या वर जाईल इतक्या पिशव्या, मग वजन ठेवून टेअर (ठेवलेलं वजन शून्य धरायचं बटण) दाबून ते उतरवल्यावरचं उणे वजन. प्रत्येक वेळी इंडिकेटरवरचा आकडा आणि छापलेल्या पावतीवरचा आकडा शेजारी धरून वाचा. हे करताना तिथला तोलार आणि बिलिंग करणारा दोघंही हजर हवेत, कारण उद्यापासून तेच बघणार आहेत. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू करा आणि पहिली पावती परत घ्या. केबल काढा आणि सॉफ्टवेअर काय दाखवतं ते बघा. शून्य किंवा शेवटचं वजन दाखवत असेल तर ते धोक्याचं आहे, तिथे "काटा जोडलेला नाही" असा संदेश यायला हवा.

मग एका कागदावर लिहा: इंडिकेटरचं मॉडेल, बॉड, डेटा बिट, पॅरिटी, स्टॉप बिट, पाठवायची रीत, कॉम नंबर, कन्व्हर्टरची चिप, ओळीत वजन कितव्या जागेपासून कितव्या जागेपर्यंत, ओळीचा शेवट कशाने, आणि केबलच्या दोन्ही टोकांच्या पिना. कागद प्लॅस्टिकमध्ये घालून इंडिकेटरच्या मागे चिकटवा आणि त्याचा फोटो मालकाच्या मोबाईलवर पाठवा. फेरपडताळणीला किंवा दुरुस्तीला गेलेलं इंडिकेटर परत येतं तेव्हा कधी कधी त्यातली कम्युनिकेशनची सेटिंग्ज कारखान्यातून निघतानाच्या जागी गेलेली असतात. अशा वेळी कॉम्प्युटरवर काहीही न बदलता, हा कागद बघून इंडिकेटरच परत जुळवायचं, आणि शंभरच्या वरचं एक वजन तोलून मगच पट्ट्या छापायला घ्यायच्या.